परकी वस्तू आणि रुळलेले शब्द : दरबारी व्यक्तिचित्रांचा एक विचार

१

दरबारी व्यक्तिचित्राचे परीक्षण करताना समीक्षकाचे लक्ष बहुधा प्रथम चेहऱ्याकडे, नंतर बैठकीच्या ऐटीकडे आणि सर्वांत शेवटी अंगावरील कापडाकडे जाते. युरोपीय राजदरबारांशी निगडित असलेल्या चित्रांत मात्र कापडाला आणि त्यासोबत मांडलेल्या दूरदेशीच्या वस्तूंना इतके मोठे स्थान आहे की, त्यांचा विचार टाळून चित्राचा अर्थ लावताच येत नाही. हान्स होल्बाइनने १५३३ मध्ये रंगविलेल्या दोन राजदूतांच्या प्रसिद्ध चित्रात मध्यभागी अनातोलियाचा गालिचा अंथरलेला आहे. सतराव्या शतकात पोपट, नारळीची झाडे, चिनी मातीची भांडी आणि रेशमी झगे यांची चित्रफलकावर दाटी होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काश्मिरी शाल येते. या वस्तू तेथे कशासाठी आल्या, हा प्रश्न जुनाच आहे.

त्याची दोन उत्तरे प्रचलित आहेत. पहिल्या उत्तराप्रमाणे या वस्तू म्हणजे व्यापाराचा पुरावा होय. ज्याच्याजवळ धन होते त्याने दुर्मीळ वस्तू मिळविल्या आणि त्या रंगवून घेतल्या. दुसरे उत्तर एडवर्ड सैद यांच्या १९७८ मधील प्राच्यविद्याविषयक ग्रंथानंतर विशेष रूढ झाले. त्याप्रमाणे पौर्वात्य वेष ही सत्तेची खूण असून, चित्रातील वस्तू म्हणजे चित्रकाराने दाखविलेला ताबा होय. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, परंतु दोहोंत एक समान उणीवही आहे. वस्तू चित्रात आली एवढ्यावरच ती संतुष्ट असतात; ती कोणत्या रीतीने आली, चित्रातील इतर घटकांशी तिचा संबंध कसा जुळला, याची विचारणा ती करीत नाहीत. व्यापाराच्या नोंदवहीत जशा सर्व गाठी एका ओळीत येतात, तशा या विवेचनांत सर्व परकी वस्तू एका मापाने मोजल्या जातात.

भाषेच्या अभ्यासकाला ही उणीव चटकन जाणवते, कारण परक्या शब्दांच्या बाबतीत असाच प्रश्न त्याच्यापुढे नित्य उभा असतो. भाषेत परका शब्द दोन रीतींनी येतो. एका रीतीत तो उद्धृत असतो. बोलणारा त्याचे परकेपण राखूनच तो वापरतो, कित्येकदा त्या परकेपणासाठीच वापरतो. दुसऱ्या रीतीत तो रुळतो. त्याला भाषेचे प्रत्यय लागतात, सामान्यरूप होते, देशी शब्दांशी त्याचा समास जमतो, वाक्प्रचारांत त्याला जागा मिळते आणि अखेर त्याचा मूळ गाव कोणता हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही. ‘मखमल’ आणि ‘अतलस’ हे शब्द अरबीतले आहेत, ‘जामा’ फारसी आहे. पण ‘मखमलीची टोपी’ किंवा ‘जाम्याचे बंद’ म्हणताना कोणताही मराठी माणूस अडखळत नाही. ‘शिरपेच’ हे तर याचे नमुनेदार उदाहरण होय. फारसी ‘सरपेच’ मराठीत येताच ‘सर’ या अवयवाच्या जागी ‘शिर’ हा आपला शब्द बसला. परकी वस्तू देशी डोक्यावर चढली आणि तिच्या नावाचे पहिले अक्षरही त्या डोक्याला शोभेसे झाले. पुढे ‘शिरपेचात मानाचा तुरा’ हा वाक्प्रचार झाला, तेव्हा त्यातील ‘मान’ संस्कृत, ‘तुरा’ अरबी आणि ‘शिरपेच’ अर्धा फारसी आहे, याची आठवण ठेवण्याचे कारण कोणालाच उरले नाही.

उद्धृत आणि रुळलेले हा भेद चित्रातील वस्तूंना लावून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी लंडन, पुणे आणि फ्लॉरेन्स या तीन ठिकाणच्या कृतींचा विचार करून अखेरीस कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी या चांदीच्या गावाकडे यावयाचे आहे. शेवटचा हा टप्पा वरवर पाहता विषयाबाहेरचा वाटेल. त्याचे प्रयोजन यथाक्रम स्पष्ट होईल.

२

उद्धृत वस्तूंचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लंडनच्या नॅशनल गॅलरीतील डेन्बीचा पहिला अर्ल विल्यम फील्डिंग याचे चित्र. अँथनी व्हॅन डाइकने ते १६३३ च्या सुमारास रंगविले. फील्डिंग १६३१ मध्ये हिंदुस्थान व इराणच्या प्रवासाला निघाला आणि १६३३ मध्ये परतला. चित्रात तो गुलाबी रेशमाचा, सोनेरी पट्ट्यांचा आखूड अंगरखा व पायजमा घालून उभा आहे. हातात बंदूक आहे. बाजूला नारळीचे झाड, त्यावर पोपट, आणि त्या पोपटाकडे बोट दाखविणारा पौर्वात्य वेषातील एक मुलगा.

या चित्रातील पायजमा हा कापड म्हणून अस्सल आहे. तरीही तो धारण करणाऱ्याच्या अंगावर तो रुळलेला नाही. अंगरख्याखाली युरोपीय पद्धतीचा पांढरा सदरा दिसतो, आणि तेवढ्याने पेहरावाचे व्याकरण उघडे पडते. मूळ वाक्य इंग्रजी आहे. त्यात एक हिंदुस्थानी शब्द जसाच्या तसा घातला आहे. चित्रकाराने नारळ, पोपट आणि मुलगा यांची जी योजना केली आहे, तिचे कार्य तळटीपेसारखे आहे. अपरिचित शब्द वापरून लेखक जसा त्याचा अर्थ खाली देतो, तसा येथे पायजम्याचा अर्थ पोपट सांगतो. रुळलेल्या शब्दाला तळटीप लागत नाही. ज्या वस्तूला चित्रात इतका आधार द्यावा लागतो, ती त्या चित्राच्या भाषेत अजून पाहुणीच असते.

या चित्रात साम्राज्याची चाहूल पाहण्याचा मोह काही समीक्षकांना होतो. तो कालविपर्यास होय. १६३३ मध्ये इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी मोगल दरबारात सवलतींसाठी अर्ज करणारी व्यापारी मंडळी होती. शाहजहानच्या वैभवापुढे लंडनचा दरबार लहान होता. अर्लच्या मुद्रेवर दिसतो तो विस्मय आहे, आणि तो खोटा मानण्याचे कारण नाही. परंतु सत्तेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. ज्या मुलाच्या बोटामुळे अर्लला आणि प्रेक्षकालाही पोपट दिसतो, त्या मुलाचे नाव चित्राच्या शीर्षकात नाही. उद्धरण शब्द घेते. तो शब्द ज्याच्या तोंडचा, त्याला मागे सोडते.

याउलट उदाहरण त्याच चित्रकाराच्या हातचे आहे. रोम येथे १६२२ मध्ये व्हॅन डाइकने रॉबर्ट शर्ले या इंग्रज गृहस्थाचे चित्र काढले. शर्ले त्या वेळी इराणच्या शाह अब्बासचा वकील म्हणून युरोपीय दरबारांत वावरत होता. चित्रात त्याने पगडीसह पूर्ण इराणी पोशाख केला आहे. येथे पोपटाची गरज भासलेली नाही, कारण तो झगा म्हणजे त्याचा हुद्दा आहे. मराठी वाचकाला हा मुद्दा समजावून सांगावा लागू नये. आपल्या इतिहासाच्या परिभाषेत ‘पेशवाईची वस्त्रे मिळाली’ याचा अर्थच अधिकार मिळाला असा होतो. तेथे कापड आणि पद यांत भेद उरत नाही. शर्लेच्या अंगावरील इराणी वस्त्रे त्या अर्थाने ‘वस्त्रे’ आहेत. अर्लचा पायजमा हे केवळ कापड आहे. एकाच चित्रकाराच्या, अवघ्या अकरा वर्षांच्या अंतराने काढलेल्या या दोन चित्रांना ‘पौर्वात्य वेषातील व्यक्तिचित्रे’ अशा एका सदरात घालणे म्हणजे ‘टेबल’ आणि एखादे लॅटिन वचन यांना मराठीतील परके शब्द म्हणून एकत्र मोजण्यासारखे आहे.

३

या दोन टोकांच्या मधली अवस्था काश्मिरी शालीत दिसते. नेपोलियनच्या १७९८ च्या मिसर मोहिमेनंतर या शालीचे वेड फ्रान्सभर पसरले. आंत्वान-झां ग्रो याने १८०९ च्या सुमारास काढलेल्या सम्राज्ञी जोसेफिनच्या चित्रात तिचा झगाच शालीचा शिवलेला आहे. पदराची वेलबुट्टी खाली घेराला आली आहे आणि वर आणखी एक तांबडी शाल घेतली आहे. अर्लचा पायजमा पायजमा म्हणूनच राहिला होता. येथे शाल कापली गेली, शिवली गेली, फ्रेंच झग्याच्या आकारात बसली. परक्या शब्दाला यजमान भाषेचे प्रत्यय लागावेत, तसाच हा प्रकार होय.

मात्र रुळण्याचीही एक किंमत असते, आणि ती नावांच्या इतिहासात नोंदली जाते. स्कॉटलंडमधील पेझ्ली या गावच्या मागांवर शालींच्या नकला विणल्या जाऊ लागल्या आणि त्यांवरील बुट्टीला इंग्रजीत त्या गावाचेच नाव पडले. काश्मिरी विणकर ज्या आकृतीला बुटा म्हणत आणि मराठी बायका जिला कोयरी म्हणतात, ती युरोपात एका स्कॉटिश गावाची झाली. मराठीत याच बुट्टीचे परकेपण निराळ्या मार्गाने गेले. ती आंब्याची कोय झाली, घरची झाली. कोणत्याही गावाने तिच्यावर हक्क सांगितला नाही. रुळण्याचे हे दोन प्रकार निराळे आहेत. एकात वस्तूचा धनी बदलतो. दुसऱ्यात वस्तू सर्वांची होते.

‘शाल’ या फारसी शब्दाची मराठीतील वाटचालही तपासण्याजोगी आहे. आजही मानकऱ्याचा सत्कार ‘शाल व श्रीफळ’ देऊन होतो. त्या जोडीतील पहिला शब्द इराणी आणि दुसरा संस्कृत आहे, तरी उच्चारताना त्यांत सांधा जाणवत नाही. दरबारातील शालजोडीने तर भाषेला आणखी एक देणगी दिली. सभ्य शब्दांत कोणाचा पाणउतारा केला की ‘शालजोडीतले दिले’ असे आपण म्हणतो. ज्या वस्तूवरून उपरोध करता येतो, ती वस्तू त्या भाषेत पुरती घरची झाली असे समजावे. जोसेफिनची शाल तिच्या दरबारात फॅशन होती. आपल्याकडची शाल शिष्टाचार होती. फॅशन सरते. शिष्टाचार वाक्प्रचारांत उतरतो.

४

आता दृष्टी उलट फिरवून पाहणे आवश्यक आहे. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला आणि ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या ओळखीने पुण्याच्या दरबारापर्यंत पोचला. त्याने १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांचे नाना फडणीस व सेवकांसह काढलेले तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. चित्रातील पेशवा अठरा वर्षांचा आहे. अंगात पांढरा जामा, गळ्यात मोत्यांच्या माळा, पगडीला रत्नजडित शिरोभूषण. शेजारी नानांचा साधा शुभ्र वेष.

या चित्रातील वस्तूंची मुळे शोधू लागल्यास थक्क व्हावे लागते. मोती इराणच्या आखातातून किंवा सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यावरून यावेत. सतराव्या-अठराव्या शतकांतील हिंदुस्थानी दरबारांच्या शिरपेचांत दिसणारे मोठे पाचू बहुतांशी दक्षिण अमेरिकेतील, म्हणजे आजच्या कोलंबियातील खाणींतून निघाले होते. स्पॅनिश व पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हातांतून ते इकडे आले आणि त्यांतील कित्येक गोव्यामार्गे आले. जामा शब्दाने व शिवणीने इराणी संस्कारांतला. म्हणजे विदेशी वस्तूंची संख्या हीच जर कसोटी असेल, तर पेशव्याचे चित्र डेन्बीच्या चित्राहून अधिक परके ठरावयास हवे. प्रत्यक्षात ते तसे दिसत नाही. यांपैकी कोणत्याही वस्तूला चित्रात तळटीप लागलेली नाही. पाचूचे मूळ सांगण्यासाठी कोणी पोपट आणलेला नाही. मराठी दरबाराच्या व्याकरणात या सर्व वस्तूंचे स्थान ठरलेले आहे. शिरपेच कोठे बांधावा, मोत्यांचे किती पदर कोणी घालावेत, शुभ्र वेष कोणाला शोभतो, हे नियम वस्तूंहून जुने आणि त्यांच्याहून बळकट आहेत.

या चित्रात खरोखर परके काही असेल तर ती चित्रणाची पद्धती होय. तैलरंग, छायाप्रकाशाची योजना, फलकाचा मोठा आकार ही वेल्सने बरोबर आणलेली सामग्री. विशेष म्हणजे तीही पुण्यात रुळू पाहत होती. शनिवारवाड्यात याच सुमारास चित्रशाळा निघाली आणि गंगाराम तांबट यांच्यासारखा पुण्याचा कलावंत युरोपीय पद्धतीने रेखाटन करू लागला. वेल्स आणि सवाई माधवराव दोघेही १७९५ मध्ये निवर्तले. त्या प्रयोगाला पुढे स्थैर्य लाभले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. रुळलेपण हा वस्तूचा गुण आहे की पाहणाऱ्याच्या सवयीचा? पुणेकराला जो जामा ओळखीचा, तो लंडनच्या प्रेक्षकाला विलक्षणच वाटणार. मग उद्धृत आणि रुळलेले हा भेद चित्रात आहे असे कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे, आणि भाषाशास्त्र त्याचे उत्तर जाणते. शब्द रुळतो तो नेहमी एखाद्या भाषिक समाजात. समाजापासून तोडून शब्दाच्या परकेपणाची चर्चा करता येत नाही. तेव्हा चित्राच्या बाबतीतही विचारावयाचे ते हे की, चित्रातील वस्तू धारण करणाऱ्याच्या समाजात रुळली आहे काय, आणि चित्र पाहणाऱ्याच्या समाजात रुळली आहे काय. डेन्बीच्या चित्रात दोन्हींचे उत्तर नकारार्थी येते. पेशव्याच्या चित्रात पहिल्याचे होकारार्थी आणि, चित्र लंडनला पोचल्यावर, दुसऱ्याचे नकारार्थी. एकच कृती समुद्र ओलांडताच उद्धरण बनते. हे कसे घडते याचे उदाहरण कोल्हापूरच्या इतिहासात आहे.

५

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडच्या प्रवासास गेले. परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे त्यांचा अंत झाला. त्या वेळी ते जेमतेम विशीत होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमाजवळ त्यांचे दहन झाले आणि त्याच जागी १८७४ मध्ये छत्री उभारण्यात आली. वास्तूची योजना चार्ल्स मँट याची. पुढे १८८४ मध्ये पूर्ण झालेला कोल्हापूरचा नवा राजवाडा त्याच्याच आराखड्याप्रमाणे बांधला गेला. छत्रीखालचा अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडविला.

हा अर्धपुतळा रंगविलेला आहे. त्या काळच्या युरोपीय शिल्पकाराने घडविलेला आपल्याकडील उमराव सामान्यतः शुभ्र संगमरवरात राहतो. त्याच्या कोटाचा रंग सांगण्याची कोणाला निकड वाटत नाही. कोल्हापूरच्या राजाच्या बाबतीत मात्र पागोटे, अलंकार आणि कांती यांना रंग देणे शिल्पकाराला आवश्यक वाटले. संगमरवराच्या भाषेत रंग हीच तळटीप होय. कोल्हापुरात जे पागोटे व जे मोती कोणाच्या डोळ्यांत भरले नसते, ते आर्नोच्या काठी चित्रविषय झाले. राजा तोच, वस्त्रे तीच. वाक्य मात्र दुसऱ्या भाषेचे.

आणि मग उद्धरणाचा जो धर्म आधी सांगितला, तो येथेही प्रत्ययास आला. फ्लॉरेन्सचे नागरिक त्या जागेला सरळ ‘इंडियानो’ म्हणतात. नजीकच्या आधुनिक पुलालाही तेच नाव पडले. व्हॅन डाइकच्या चित्रातील मुलाला नाव नव्हते. येथे छत्रपतींच्या गादीवरील राजाचेही नाव लोकव्यवहारातून गळून पडले आणि ‘हिंदी माणूस’ एवढेच उरले. महाराजांनी त्या प्रवासात इंग्रजीत दैनंदिनी लिहिली होती, ती कॅप्टन एडवर्ड वेस्ट याने १८७२ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. युरोप पाहणारा, त्याविषयी लिहिणारा तरुण एकीकडे, आणि युरोपने पाहिलेला रंगीत पुतळा दुसरीकडे. ही दोन व्यक्तिचित्रे शेजारी ठेवून वाचल्याखेरीज एकोणिसाव्या शतकातील दरबारी चित्रणाचा विचार पुरा होणार नाही.

६

आतापर्यंत चित्रांत दिसणाऱ्या वस्तूंचा विचार झाला. परंतु या सर्व व्यवहारात एक वस्तू अशी आहे की, तिच्यावाचून तो चाललाच नसता आणि तरीही ती या स्वरूपात चित्रांत कोठेच नाही. ती म्हणजे चांदी.

युरोपीय दरबारांना हवे असलेले रेशीम, छिटे, मलमल, नीळ, मिरे यांच्या बदल्यात हिंदुस्थानने युरोपची लोकर किंवा हत्यारे फारशी मागितली नाहीत. मागितली ती चांदी. बोलिव्हियातील पोतोसी येथील डोंगरात १५४५ मध्ये चांदीचा शोध लागला, पाठोपाठ मेक्सिकोच्या खाणी सुरू झाल्या, आणि तेथील चांदी स्पेनच्या नाण्यांच्या रूपाने युरोपभर व तेथून सुरतेपर्यंत आली. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे पूर्वेकडे जो ऐवज नेत त्यात चांदीचा वाटा मोठा असे, आणि देशाबाहेर जाणाऱ्या या धातूवरून इंग्लंडात एवढा ओरडा झाला की, टॉमस मन याला १६२१ मध्ये पुस्तिका लिहून कंपनीचे समर्थन करावे लागले. सुरतेच्या टांकसाळीत ही चांदी वितळे आणि तिचे रुपये पडत. ‘रुपया’ हा शब्द संस्कृत ‘रूप्य’ या शब्दावरून आला. पोतोसीच्या खाणीतले, स्पेनच्या राजमुद्रेचे नाणे मुशीत उतरले आणि त्याला संस्कृत कुळातले नाव मिळाले. परकी वस्तू रुळण्याचे याहून संपूर्ण उदाहरण सापडणे कठीण. डेन्बीच्या अर्लने आपला पायजमा रंगवून घेतला. त्या रेशमाच्या मोबदल्यात गेलेली चांदी रंगविण्याचे त्याला कारण नव्हते. घेतलेली वस्तू चित्रात येते, दिलेली किंमत येत नाही.

ही दिलेली किंमत पुढे कोठे गेली याचे एक उत्तर हुपरीला मिळते. हातकणंगले तालुक्यातील हे गाव ‘चंदेरी नगरी’ म्हणून ओळखले जाते. रेंदाळ, यळगुड यांसारख्या आसपासच्या गावांतूनही हाच उद्योग घरोघर चालतो. पैंजण, वाळे, तोडे, जोडवी, करदोडे, कमरपट्टे हे येथील काम. देशात चांदी निघते ती मुख्यतः राजस्थानातील जस्ताच्या खाणींतून, आणि ती गरजेच्या मानाने थोडी. बाकीची आजही आयात होते. म्हणजे हुपरीच्या मुशीत पडणारा धातू चारशे वर्षांपूर्वीप्रमाणेच आजही मोठ्या प्रमाणावर समुद्रापलीकडचा आहे. परंतु हुपरीच्या पैंजणाला कोणी विदेशी अलंकार म्हणणार नाही. धातूचे परकेपण मुशीत संपते. मग त्याची तार निघते, कड्या होतात, झाळकाम होते, घुंगरू बसतात. घरातील बायकाही कड्या जोडण्यासारखी कामे करतात. टंच किती, घडणावळ किती, वजन किती, या तीन शब्दांत त्या वस्तूची सारी ओळख सामावते. ती कोणत्या देशाहून आली हा प्रश्न त्या ओळखीत नाही.

दरबारी व्यक्तिचित्रांशी या अलंकाराचे नाते अभावाचे आहे. सोने पायात घालू नये अशी रूढी असल्याने पायातील दागिने चांदीचे. आणि व्यक्तिचित्राची चौकट बहुधा कमरेशी किंवा गुडघ्याशी थांबते. पूर्णाकृती चित्रांत पाऊल दिसले तरी ते प्रायः पुरुषाचे, जोड्यात किंवा मोजडीत असते. शिरपेच चित्राच्या शिरोभागी, पैंजण चौकटीबाहेर. म्हणून चित्रे एवढाच आधार घेऊन जो अभ्यासक आपल्याकडील अलंकारांचा इतिहास लिहील, त्याच्या इतिहासात कोलंबियाचा पाचू येईल आणि मराठी स्त्रीच्या पायातले वाळे येणार नाही. चित्र हे साधन म्हणून कितीही समृद्ध असले तरी त्याची चौकट कोणाच्या सोयीने आखली गेली, हे विसरून चालत नाही.

ही त्रुटी भरून काढण्याचे साधन शब्द हेच आहे. चौकटीबाहेर राहिलेल्या वस्तूंची नावे कारागिरांच्या तोंडी असतात. आटणी, मूस, तार, कडी, झाळ, रवा, टंच, घडणावळ हा शब्दसंग्रह म्हणजे त्या धातूच्या रुळण्याची लिखित नसलेली बखर होय. त्यातील कोणता शब्द संस्कृत कुळाचा, कोणता फारसीतून आला, शेजारच्या कानडीतून कोणते आले, यंत्रांबरोबर आलेल्या ‘डाय’, ‘पॉलिश’, ‘मशीन’ या इंग्रजी शब्दांना तेथे कोणती सामान्यरूपे मिळाली, हे तपासल्यास कोणत्या काळात कोणते तंत्र कोठून आले याचा क्रम लावता येईल. विद्यापीठीय कोशांत हे शब्द पुष्कळदा एका ओळीच्या अर्थाने संपतात आणि धंद्यातील त्यांचा नेमका उपयोग निसटतो. यंत्रांवर होणारे काम वाढत आहे. हाताच्या ज्या क्रिया बंद पडतील, त्यांची क्रियापदेही एका पिढीत जातील. मग वस्तुसंग्रहालयांतील तोडे आणि वाळे उरतील, त्यांना वजन असेल, टंच असेल; ते कसे झाले हे सांगणारा शब्द उरणार नाही.

७

या विवेचनातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात मांडता येतील. दरबारी व्यक्तिचित्रात परकी वस्तू आढळली, एवढ्यावरून वैभव किंवा वर्चस्व यांपैकी कोणताही निर्णय करणे घाईचे आहे. प्रथम ती वस्तू उद्धृत आहे की रुळलेली, हे पाहिले पाहिजे. आणि रुळलेली असल्यास कोणाच्या समाजात, हेही पाहिले पाहिजे. चित्रातील पोपट, नारळ, मूर्तीवरचा रंग अशा आधारांवरून उद्धरण ओळखता येते. आधाराच्या अभावावरून रुळणे ओळखता येते. वस्तूच्या नावाचा इतिहास हा या निर्णयातील दुय्यम पुरावा नव्हे. कित्येकदा तो चित्राहून अधिक विश्वासार्ह ठरतो, कारण चित्र एका मालकाच्या आज्ञेने तयार होते आणि शब्द असंख्य लोकांच्या वापराने.

उद्धरणात माणसाचे नाव गळते, हा या पाहणीत पुन्हा पुन्हा आढळलेला विशेष आहे. लंडनच्या चित्रातील मुलगा, फ्लॉरेन्सचा ‘इंडियानो’, आणि पेझ्लीच्या नावाखाली झाकला गेलेला काश्मिरी विणकर या तिघांची कथा एकच आहे. रुळण्यातही नावे गळतात, हे मान्य केले पाहिजे. हुपरीच्या पैंजणावर घडविणाऱ्याचे नाव कोरलेले नसते. फरक इतकाच की, तेथे कारागिराचे शब्द अजून जिवंत आहेत आणि ते विचारता येतात. लंडनच्या चित्रातील मुलाला कोणी काही विचारले असते, तर त्याने त्या पोपटाला काय म्हटले असते, हे आज कळण्याचा मार्ग नाही. हुपरीत तो मार्ग अजून खुला आहे, आणि व्यक्तिचित्रांच्या अभ्यासकाने कोशकाराला सोबत घेऊन तो चालून पाहिला पाहिजे.